मार्गदर्शक आणि लाभार्थी

ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर दिनानाथ खानोलकरांनी सर्वांत आधी घरातलं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. सगळं आयुष्य त्यांनी माल तपासण्याच्या खात्यात काढलं होतं, त्यामुळे तपासायला काही नसलं की त्यांना अस्वस्थ वाटायचं. त्यांनी डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, गॅसच्या नळीची तारीख भिंतीवर लिहिली आणि फोडणीत मोहरी आधी की जिरं आधी यावर पत्नीला, सुनेत्राबाईंना, रोज थोडं थोडं समजावून सांगितलं. सुनेत्राबाईंनी काही आठवडे ऐकून घेतलं. मग एका दुपारी वाचनालयातून येताना त्या एक पत्रक घेऊन आल्या.

"हे तुमच्यासाठीच काढलंय बघा," त्या म्हणाल्या.

पत्रक 'त्रिनगर सूक्ष्म उद्योग सहयोग मंच' नावाच्या संस्थेचं होतं. उल्हासनगरचे व्यापारी, अंबरनाथचे कारखानदार, बदलापूरचे महिला बचत गट आणि एक कॉलेज असे सगळे मिळून, अगदी छोटा धंदा करणाऱ्यांना हात देणार होते. कोणाचा वाटा काय तेही ठरलेलं होतं. व्यापारी सामान देणार, कारखानदार हॉल देणार, कॉलेज प्रोजेक्टर देणार आणि बचत गट बायका देणार. शिवाय प्रत्येक उद्योजकामागे एक अनुभवी मार्गदर्शक हवा होता, विनामूल्य.

"मी कधी धंदा केलेला नाही," दिनानाथ म्हणाले.

"म्हणून तर. तुम्हाला त्यातलं सगळं ठाऊक असेल," सुनेत्राबाई म्हणाल्या. त्यांनी नाव आधीच देऊन टाकलं होतं.

उद्घाटन अंबरनाथ पूर्वेच्या एका हॉलमध्ये झालं. मंचाचे अध्यक्ष परसराम तलरेजा यांचा उल्हासनगरात जीन्सच्या पॅकिंगचा मोठा व्यापार होता. सगळे त्यांना परसरामशेठ म्हणत. त्यांनी माइक हातात घेतला आणि मागच्या बॅनरकडे बोट केलं. बॅनरवर लिहिलं होतं, 'नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा.'

"मी उगाच नाय बोलत," शेठ म्हणाले. "नोकरी मांगने का नहीं. देने का. बस, एवढंच लक्षात ठेवा. बाकी आपण बघून घेऊ."

मग चैत्राली नावाच्या तरुण समन्वयक मुलीने जोड्या वाचून दाखवल्या. दिनानाथांच्या वाट्याला शलाका भोईर आली. तिशीतली, पालेगावची, केस घट्ट बांधलेली. मंचाने दिलेली कापडी पिशवी तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"काय करता आपण?" दिनानाथांनी विचारलं.

"भाकऱ्या, सर. तांदळाच्या. आमच्याकडे टॉवर झालेत ना, त्यांच्या गेटवर बसतो, मी आणि माझ्या सासूबाई. आधी त्या एकट्याच बसायच्या, आता त्यांचा खांदा दुखतो."

"उत्तम. म्हणजे परंपरागत कौशल्य आहे."

"हो." तिने पिशवी खांद्याला लावली. "सर, एक विचारू का? या मंचाच्या ऑफिसात नोकरी असते का? मी बारावी झालेय. कंप्युटरचा कोर्सपण केलाय. मला ना, धुरात बसायला नाही आवडत. फोनवर बोलायला, लोकांना सांभाळायला आवडतं."

दिनानाथ हसले. ते प्रेमळ माणूस होते, त्यामुळे त्यांनी तिला बॅनर दाखवला. "हे पाहिलंत ना? नोकरीचं मनातून काढून टाका. तुम्ही उद्योजक आहात."

शलाकाने मान हलवली. घरी गेल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, "सर चांगले आहेत. पण ऐकत नाहीत." तिचा नवरा प्रज्वल रिक्षा चालवायचा. तो म्हणाला, "बघू. पिशवी तर मिळाली."

पुढच्याच सोमवारी दिनानाथ पालेगावात हजर झाले. टॉवरच्या गेटशेजारी, पिंपळाखाली एक टेबल होतं. त्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या, आणि मागे प्लास्टिकच्या खुर्चीत गोजरबाई, म्हणजे शलाकाची सासू. दिनानाथांनी आधी मागच्या इमारतींकडे पाहिलं.

"ही सगळी शेती होती ना?"

"ती बी विंग हाय ना," गोजरबाई म्हणाल्या, "तिथं आमचा खाचर. दीर म्हनतो, दुसऱ्या मजल्याच्या खाली. मी म्हनते लिफ्टच्या खाली." एवढं सांगून त्यांनी बी विंगमधून आलेल्या एका बाईला चार भाकऱ्या बांधून दिल्या.

दिनानाथांनी दुपारपर्यंत निरीक्षण केलं, चौकशी केली. भाकऱ्या लहानमोठ्या होत्या, त्यामुळे गिऱ्हाइकं फडकं उलगडून निवडत बसायची. काही दिवशी सगळ्या संपायच्या आणि लोक परत जायचे, तर काही दिवशी उरायच्या आणि भोईरांच्या घरी रात्री सगळ्यांना भाकरीच खावी लागायची. त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या. भाकऱ्या एका आकाराच्या करा, आणि आदल्या दिवशी फोनवर मागणी घ्या. खरं तर दोन्ही सूचना चांगल्या होत्या. गोजरबाईंनाही त्या पटल्या. फक्त फोनची अडचण होती. घरातला चांगला फोन दिवसभर प्रज्वलच्या रिक्षात असायचा आणि शलाकाच्या फोनची बॅटरी अकरा वाजता मान टाकायची.

"तात्पुरता माझा नंबर द्या," दिनानाथ म्हणाले.

वेष्टनासाठी त्यांनी मंचाकडे विनंती पाठवली. परसरामशेठनी शब्द पाळला आणि पारदर्शक पिशव्यांचा गठ्ठा रिक्षाने पाठवून दिला. पिशव्या कोऱ्या होत्या, स्वच्छ होत्या, पण मुळात जीन्ससाठी छापलेल्या होत्या. प्रत्येकीवर मोठ्या निळ्या अक्षरांत 'कम्फर्ट फिट' आणि खाली 'कंबर ३४' असं होतं. दिनानाथांनी शेठना फोन केला.

"साहेब, छपाई भारी आहे," शेठ म्हणाले. "लोक पिशवी थोडी खातात? वर तुमचा स्टिकर मारा."

स्टिकर छोटा निघाला. त्यावर दिनानाथांचा नंबर मावला, कंबर झाकली गेली, 'कम्फर्ट फिट' तसंच राहिलं. टॉवरमधल्या लोकांना ते फार आवडलं. थोड्याच दिवसांत दिनानाथांना सकाळच्या चहाच्या वेळी फोन यायला लागले.

"कम्फर्ट फिट भाकरी का?"

"खानोलकर बोलतोय," दिनानाथ गंभीरपणे म्हणायचे. "किती हव्यात?"

सुनेत्राबाई समोर बसून ऐकायच्या. पूर्वी या वेळेला चहात आलं किती घातलं यावर चर्चा व्हायची. ती आता बंद झाली होती. त्यांनी मनातल्या मनात मंचाचे आभार मानले.

इकडे मंचाचं प्रशिक्षण सुरू झालं. डिजिटल पेमेंट, आत्मविश्वास, ग्राहकाशी संवाद असे विषय होते आणि लाभार्थ्यांची हजेरी सक्तीची होती. सगळी सत्रं सकाळी असायची, कारण हॉल दुपारी लग्नांना लागायचा. सकाळ ही भाकऱ्या करायचीही वेळ होती. पण शलाकाने एकही सत्र चुकवलं नाही. पहिल्याच दिवशी दारात गर्दी झाली, बायका एकमेकींच्या अंगावरून नावं सांगायला लागल्या, आणि चैत्रालीला काही सुचेना. शलाका पुढे झाली. तिने उल्हासनगर इकडे, अंबरनाथ मध्ये, बदलापूर खिडकीजवळ अशा तीन रांगा लावल्या. एका आजींना बसायला खुर्ची दिली, मध्ये घुसणाऱ्या एका बाईला हसून परत पाठवलं. दहा मिनिटांत सगळं शांत झालं.

"तुम्ही पुढच्या वेळीपण टेबलवर बसाल का?" चैत्रालीने विचारलं.

शलाका पुढच्या वेळी टेबलवर बसली, आणि त्याच्या पुढच्या वेळीही. आत काय शिकवलं ते तिला फारसं कळलं नाही, कारण ती बाहेर बसून प्रशिक्षण चालवत होती.

मग बदलापूर गावातल्या एका लग्नाच्या हळदीची ऑर्डर आली. फोन दिनानाथांनीच घेतला होता. मटणाबरोबर शंभर-दीडशे भाकऱ्या हव्या होत्या, आणि त्यांनी उत्साहात होकार देऊन टाकला. मंचाच्या दृष्टीने ही मोठी झेप होती. नेमक्या त्याच सकाळी 'वेळेचे व्यवस्थापन' या विषयावर सत्र होतं. शलाकाने सुटी मागितली. वरून निरोप आला की मोठ्या ऑर्डरमुळे वेळ नसेल तर या सत्राची गरज तिलाच सर्वांत जास्त आहे.

दिनानाथ पालेगावला पोहोचले तेव्हा शलाका सत्राला गेली होती, भोईरांच्या अंगणात चूल पेटलेली होती, मोठ्या परातीत उकड काढलेली होती आणि गोजरबाई एका हाताने खांदा दाबत बसल्या होत्या. शेजारच्या दोघी मदतीला आल्या होत्या, पण दोघींच्या हातून एवढा ढीग उरकणार नव्हता.

"साहेब, हळदवाल्याला सांगा, निम्म्याच होतील," गोजरबाई म्हणाल्या.

"तसं कसं सांगणार? मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय ना. मंग बसा."

दिनानाथांना वाटलं त्या चेष्टा करतायत. गोजरबाईंनी पाट पुढे सरकवला. दिनानाथांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या दुमडल्या आणि बसले. गुडघे कुरकुरले.

"हात वला करा. आता गोला घ्या. दाबू नका, थापा. कड पातल झाली पायजे, मध्ये जाड राहू देऊ नका."

पहिली भाकरी तव्यावर पोहोचेपर्यंत तिच्या दोन झाल्या. दुसरीला भोक पडलं. तिसरी लांबट झाली आणि शेजारणींपैकी एक तोंडाला पदर लावून मागे वळली. दिनानाथांनी चष्मा वर केला, हात पुन्हा ओला केला. ते चिडले नाहीत. कितीतरी वर्षांत त्यांना कोणी एवढ्या सरळपणे चूक दाखवली नव्हती आणि ती सुधारायला लगेच दुसरा गोळाही दिला नव्हता.

बऱ्याच वेळाने एक भाकरी नीट गोल आली. त्यांनी ती दोन्ही हातांनी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, आणि ती हळूहळू फुगायला लागली. दिनानाथ श्वास रोखून बघत राहिले. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर इतरांनी बनवलेल्या वस्तू तपासल्या होत्या. त्यातली एकही अशी फुगली नव्हती, आणि फुगली असती तर चौकशी लागली असती. त्यांनी कोणाला तरी दाखवावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं. गोजरबाईंनी ती तव्यावरून उचलली आणि ढिगात टाकली.

"हां. आता अशाच करा, भाऊ," त्या म्हणाल्या. साहेब म्हणायचं त्या विसरून गेल्या होत्या.

भाकऱ्या प्रज्वलच्या रिक्षातून बदलापूरला गेल्या. दिनानाथही मागच्या सीटवर टोपल्या धरून बसले. मांडवात पंगत बसली तेव्हा ते एका खांबाआड उभे राहून पाहू लागले. एका म्हाताऱ्याने तुकडा मोडला, रश्शात बुडवला, चावला.

"भाकर कशी झालीय?" दिनानाथांना राहवलं नाही.

"जाड हाय जरा," म्हातारा म्हणाला. मग आणखी एक मागून घेत म्हणाला, "पन चांगली हाय."

घरी येईपर्यंत दिनानाथ त्या दोन वाक्यांचाच विचार करत होते. निवृत्तीच्या समारंभात त्यांच्यावर चार जणांनी भाषणं केली होती, त्यातलं त्यांना काहीच आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज जायला लागले. सुनेत्राबाईंना त्यांनी 'देखरेख' असं सांगितलं. सुनेत्राबाईंना त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्यात तांदळाचं पीठ दिसलं, शर्टाला धुराचा वास आला, पण त्यांनी चौकशी केली नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्या त्या एकेक करून काढत होत्या.

दिवाळीच्या सुमारास चैत्रालीला पुण्यात चांगली नोकरी लागली आणि तिने मंच सोडला. नवीन समन्वयक शोधायला बैठक बसली. कॉलेजच्या प्राध्यापकांना पदवीधर हवा होता. कारखानदारांना अनुभवी हवा होता. परसरामशेठ घाईत होते, त्यांचा कंटेनर यायचा होता.

"वो लड़की है ना, सबको लाइन में लगाती है," ते म्हणाले. "तिला ठेवा. काम तर तीच करते आजपण."

अशा रीतीने शलाकाला नोकरी लागली. ती बैठकीतून बाहेर आली तेव्हा तिला रडू यायला लागलं. आनंद होताच, पण त्याहून जास्त भीती होती. सरांना काय सांगायचं? सरांनी तिच्यासाठी एवढे कष्ट घेतले. शेठकडून पिशव्या मिळवल्या, फोन घेतले, त्यांना चुलीसमोर बसावं लागलं. आणि ती निघाली नोकरी करायला.

त्याच संध्याकाळी दिनानाथ अंबरनाथच्या बाजारातून भाकरी भाजायची एक मातीची खापरी विकत घेऊन आले होते. ती त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून भोईरांच्या ओट्यावर ठेवली, आणि शलाकाला कसं विचारावं याचा विचार करत बसले. माणसाने मार्गदर्शन करावं आणि मग लाभार्थ्याचाच धंदा पळवावा, हे त्यांना स्वतःलाच फार वाईट दिसत होतं.

शलाका आली. दोघं थोडा वेळ हवापाण्यावर बोलले.

"सर, रागावणार नाही ना?" ती शेवटी म्हणाली.

"मीच तुम्हाला तेच विचारणार होतो."

"मला नोकरी लागलीय. मंचातच. चैत्रालीच्या जागी." ती मान खाली घालून बोलत होती. "मला माहितीये तुम्ही नको म्हणाला होता. पण मला खूप आवडतं ते, सर. भाकऱ्या मला पहिल्यापासूनच नाही आवडत."

दिनानाथ खापरीवरचा कागद नीट करायला लागले. शलाकाला वाटलं ते दुखावले. प्रत्यक्षात ते चेहऱ्यावरचा आनंद आवरत होते, आणि आयुष्यभर हसू आवरायची सवय असल्यामुळे ते फारच गंभीर दिसत होते.

"मग या भाकऱ्यांचं..." ते सावकाश म्हणाले. "म्हणजे, तुमची हरकत नसेल तर. तात्पुरतं. मी..."

गोजरबाई आतून लसूण सोलता सोलता ऐकत होत्या. त्या दारात आल्या.

"हिला खुर्चीत बसायचा हाय. यांना थापायचा हाय. मंग तोंड पाडून कशाला बसलात दोघं? चा ठेवते."

चहा घेताना सगळं ठरलं. गोजरबाई उकड काढणार आणि चूल सांभाळणार, शेजारणींपैकी एक रोज येणार, दिनानाथ थापणार आणि मागणी घेणार, प्रज्वल दुपारची फेरी करणार. मिळकत कशी वाटायची तेही बोलून झालं. खापरीबद्दल गोजरबाई म्हणाल्या की ती बदलून आणा, तळाला तडा आहे. माल तपासण्यात आयुष्य घालवलेल्या दिनानाथांनी ती निमूटपणे पुन्हा कागदात गुंडाळली.

अडचण आली ती वार्षिक मेळाव्याच्या वेळी. शलाका भोईर ही मंचाच्या मोजक्या यशस्वी लाभार्थ्यांपैकी एक होती, आणि ती आता मंचाचीच कर्मचारी होती. कर्मचाऱ्याला लाभार्थी म्हणता येत नाही, असं प्राध्यापकांचं म्हणणं पडलं. आणि दिनानाथ मार्गदर्शक होते, पण ज्याला मार्गदर्शन करायचं तोच उरला नव्हता. शलाका नव्या नोकरीत रुळली होती. तिने यादीत लाभार्थी आणि मार्गदर्शकाच्या नावांची अदलाबदल केली आणि कोणाला विचारलं नाही.

मेळाव्याला हॉल भरला. सुनेत्राबाई पहिल्या रांगेत होत्या. मागे फॅक्टरीतले दोन जुने सहकारी मुद्दाम आले होते, कारण खानोलकरांचा सत्कार आहे एवढंच त्यांना कळलं होतं. शलाकाने माइकवर नाव पुकारलं.

"नवउद्योजक पुरस्कार, श्री. दिनानाथ खानोलकर. व्यवसाय, तांदळाच्या भाकऱ्या."

सहकारी एकमेकांकडे बघू लागले. दिनानाथ व्यासपीठावर चढले. परसरामशेठनी शाल घातली, मिक्सर दिला, आणि माइक पुढे केला.

"साहेब, सांगा लोकांना, प्रेरणा कोणाची?"

"शलाकाताईंची," दिनानाथ म्हणाले. "त्यांना नोकरी हवी होती."

लोकांना वाटलं विनोद आहे, टाळ्या झाल्या. परसरामशेठनाही स्फुरण चढलं. त्यांनी शलाकाला पुढे बोलावलं.

"आणि ही बघा. ये लड़की पहले गेट पे भाकरी बेचती थी. स्वतःचा धंदा होता. आज कुठे पोहोचली? आज ती..." इथे शेठ थांबले. त्यांच्या डोक्यावर तोच बॅनर होता. पण व्यापारात त्यांचे केस पांढरे झाले होते. "आज ती नोकरी करते. दिली कोणी? आपण दिली. तो देने वाले कौन हुए? आपण."

टाळ्या आधीपेक्षा जोरात झाल्या. प्राध्यापकांनीही वाजवल्या.

जेवणाच्या वेळी एक जुना सहकारी दिनानाथांना बाजूला घेऊन म्हणाला, "पेन्शन वेळेवर येतं ना रे?"

"येतं की."

"मग हे कशाला?"

"तू उद्या ये. गरम खाऊन बघ," दिनानाथ म्हणाले. सुनेत्राबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनीही तोवर नवऱ्याच्या हातची भाकरी खाल्ली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या सहकाऱ्याबरोबर रिक्षाने पालेगावला गेल्या, अंगणात बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, "घरी केल्या नाहीत तरी चालेल, इथेच करत जा." दिनानाथांना ती शाबासकी वाटली. सुनेत्राबाईंनाही ती बरीचशी तशीच अभिप्रेत होती.

मार्च महिन्यात मंचाने सर्व लाभार्थ्यांचं सर्वेक्षण करायचं ठरवलं. एका सकाळी दिनानाथांचा फोन वाजला. हात पिठाने भरले होते, म्हणून शेजारणीने फोन त्यांच्या कानाला धरला.

"नमस्कार, त्रिनगर मंचातून समन्वयक शलाका भोईर बोलतेय. आपण लाभार्थी दिनानाथ खानोलकर का?"

"हो."

"सर, थोडेच प्रश्न आहेत. आपला व्यवसाय सुरू आहे का?"

"सुरू आहे. आत्ता तव्यावर आहे."

"मंचाच्या मदतीमुळे आपल्या जीवनात काय बदल झाला? हो किंवा नाही."

"याचं उत्तर हो-नाहीत कसं देणार?"

"माहितीये सर. पण प्रश्न तसाच आलाय. वरून."

दिनानाथांनी थोडा विचार केला. समोर गोजरबाई चुलीत लाकूड सारत होत्या आणि ओरडून विचारत होत्या की फोन संपायचाय की नाही, उकड थंड होतेय.

"हो लिहा," ते म्हणाले.

"धन्यवाद, सर." मग आवाज खाली आला. "आईंना सांगा, मला आज यायला उशीर होईल. उल्हासनगरला मीटिंग आहे."

फोन बंद झाला.

"कोन होता?" गोजरबाईंनी विचारलं.

"ऑफिसातून होता. शलाकाताई. उशीर होईल म्हणाल्या."

"मोठी मानसं," गोजरबाई म्हणाल्या, आणि पुढचा गोळा त्यांच्याकडे सरकवला.